सोमवारची पहिली कुपी

संगमेश्वरअण्णांच्या रक्ततपासणीचा आकडा तिसऱ्या वेळीही वाढूनच आला आणि अहमदपूरच्या घरात दोन तट पडले. मुलाचं, अमरनाथचं, म्हणणं हैदराबाद, तर बायकोचं, सुकन्यावहिनींचं, नांदेड. अण्णा स्वतः कुणाच्याच बाजूचे नव्हते. बसस्टँडच्या रस्त्यावरचं त्यांचं भांड्यांचं दुकान रोजच्यासारखं सकाळी नऊला उघडत होतं, आणि दुखण्याचा विषय निघाला की ते गिऱ्हाइकाकडं वळत होते. गिऱ्हाईक नसलं तर तांब्याचे हंडे पुसत बसत.

दोन वर्षांमागं त्यांची प्रोस्टेटची गाठ काढली होती. तेव्हा सगळं निपटलं असं वाटलं. आता रक्त सांगत होतं की रोग कुठंतरी शिल्लक आहे. पण कुठं, ते कळत नव्हतं. सोनोग्राफी झाली, सीटी झाली, दोन्हींत काही दिसलं नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, हाडांत गेला असेल तर एक इलाज, नुसता ओटीपोटात असेल तर दुसरा. जागा कळल्याशिवाय आम्ही अंधारात दगड मारणार नाही.

ती जागा दाखवणारं औषध मुंबईत तयार होत होतं आणि ते करणारी बाई ह्याच घरात जन्मली होती.

सुकन्यावहिनींनी नणंदेला, मंजुश्रीला, फोन लावला तो कुणाला न विचारता. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात नवा विभाग सुरू होणार, येत्या सोमवारी पहिले तीन पेशंट घेणार, अशी बातमी त्यांनी वाचली होती. बातमीत मंजुश्रीचं नाव होतं. पहिल्या दिवशी औषध नीट बनतंय का हे पाहायला ती स्वतः येणार होती. वहिनींनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"मंजूताई, तुमच्या हातचं औषध हाय. लोकांच्या माणसाला चालतंय तर आपल्या माणसाला कामून न्हाई?"

अण्णांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून हाच प्रश्न मंजुश्री स्वतःला विचारत होती. पण भावाच्या घरात आपण होऊन पाऊल टाकायची सवय तिला राहिली नव्हती. वडील नागप्पा गेले तेव्हा ती तेरा दिवस येऊन राहिली, त्यालाही नऊ वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी ती लातूरला गाडीतून उतरली आणि अकराच्या सुमारास अहमदपूरला पोचली. पंचावन्न वर्षांची, अंगानं बारीक, केस आखूड कापलेले, खांद्याला एकच पिशवी. वहिनींनी दारातच तिच्या हातावर पाणी घातलं. बैठकीत मंडळी आधीच जमली होती. अण्णा खुर्चीवर, अमरनाथ मोबाईल हातात घेऊन खिडकीशी, आणि सतरंजीवर भिंतीला टेकून केवळाआत्या. नागप्पांची ही धाकटी बहीण ऐंशी पार करून गेली होती आणि घरातल्या कुठल्याही निर्णयावर तिचा शेवटचा शब्द असतो असं तिला वाटत असे. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

अमरनाथनं आपली बाजू मांडली. अठ्ठावीस वर्षांचा हा पोरगा बोलायला नेटका होता. हैदराबादला मोठं मशीन आहे, रोज शंभर पेशंट होतात. नांदेडला हे लोक उद्या पहिल्यांदाच करून राहिले. अण्णांनी पहिलं का व्हावं? मंजूआत्याच्या कामाबद्दल आपल्याला आदर आहे, पण प्रयोग बाहेरच्या माणसावर व्हावा. मंजुश्रीनं शांतपणे सांगितलं की प्रयोग मुंबईत कधीच संपला. गेल्या तीन वर्षांत मोठ्या दवाखान्यांत हजारो लोकांना हे औषध दिलं गेलंय. नवं आहे ते फक्त नांदेड.

"आणि मी ते नांदेडसाठीच केलंय," ती म्हणाली.

त्या एका वाक्यामागं एकवीस वर्षं होती. हैदराबादच्या मोठ्या मशीनला लागणारं औषध अर्ध्या रस्त्यातच निम्मं विझून जातं. ते बनवायचं तर शेजारी मोठी यंत्रणा लागते. लहान गावच्या, अंगातले किरण टिपणाऱ्या साध्या गॅमा कॅमेऱ्यावर तेच काम व्हावं, म्हणून मंजुश्रीनं कोरड्या पुडीची एक कुपी बनवायला घेतली होती. बोटाएवढी काचेची बाटली, तळाशी पांढरी भुकटी. त्यात किरणोत्सर्गी टेक्निशियमचं पाणी घालायचं, उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचं, की औषध तयार. शिरेतून गेलं की ते अंगभर हिंडतं आणि प्रोस्टेटच्या रोगाची पेशी जिथं असेल तिथं जाऊन बसतं. कॅमेऱ्याला तो ठिपका दिसतो. पहिली अकरा वर्षं तिचा रेणू रोगाकडं न जाता यकृतातच अडकून पडायचा. सोबतचे लोक दुसऱ्या कामाला लागले, तिच्या वरिष्ठांनी दोनदा फाईल बंद केली. ती बंद फाईल घेऊन बसली. बाराव्या वर्षी रेणूच्या शेपटीचा एक तुकडा बदलला आणि यकृत मोकळं दिसलं. मग ती भुकटी वर्षभर टिकावी म्हणून आणखी सहा वर्षं गेली.

ह्यातलं काहीही ह्या बैठकीत कुणाला ठाऊक नव्हतं. मंजू मुंबईला सरकारी नोकरीत हाय, किरणांचं काही तरी काम करती, एवढंच.

"किरणांनीच तर तुझं वाटोळं केलं," केवळाआत्या म्हणाली. "ना लेकरू, ना संसार. आता भावाच्या अंगात घालती का तेच?"

सगळ्यांना एकच प्रसंग आठवला होता आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघायचं टाळत होता.

अमरनाथच्या बारशाचा तो दिवस. दोन मुलींच्या पाठीवर अण्णांना मुलगा झाला होता. सत्तावीस वर्षांची मंजुश्री मुंबईहून चांदीचा वाळा घेऊन आली आणि तिनं पाळण्यातून बाळ उचललं. केवळाआत्यानं झडप घालून ते तिच्या हातून काढून घेतलं, आणि अण्णा भरल्या घरात म्हणाले, "मंजू, लेकराला हात लावू नको. तुझ्या अंगाला काय चिकटून आलं असंल, कुणाला ठाव." ती काही बोलली नाही. जेवणाची पंगत बसायच्या आत स्टँडवर जाऊन मिळेल त्या एसटीत बसली. नागप्पा मागं धावत आले होते, गाडी सुटल्यावर पोचले.

आज तेच बाळ खिडकीशी उभं राहून हैदराबादची अपॉइंटमेंट दाखवत होतं.

"आत्या," मंजुश्री केवळाआत्याला म्हणाली, "लग्न मी केलं नाही ते मला करायचं नव्हतं म्हणून. त्यात किरणांचा काही संबंध नाही." मग ती भावाकडं वळली. "अण्णा, मी तुला नांदेडला चल असं म्हणणार नाही. हैदराबादचंही चांगलंच आहे. तू ठरव."

वहिनींना हे आवडलं नसावं. त्या उठून आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. अण्णांनी बराच वेळ जमिनीकडं पाहिलं आणि शेवटी नांदेड म्हणून सांगितलं. कारणही दिलं. हैदराबादला जायचं तर दोन दिवस दुकान बंद राहील, नांदेड काय, दीड घंट्याचा रस्ता. बहिणीचं नावही त्यांनी घेतलं नाही. मंजुश्रीनं तेवढ्यावर समाधान मानलं. जेवून ती लगेच नांदेडला निघाली. सकाळची तयारी पाहायची होती.

सोमवारी साडेआठला अण्णा, वहिनी आणि अमरनाथ दवाखान्यात पोचले. तळमजल्यावरच्या नव्या विभागाला झेंडूचं तोरण बांधलं होतं. अजून दोन पेशंट होते. एक कंधारचे निवृत्त मास्तर आणि दुसरे भोकरकडचे शेतकरी बजरंग, बायको साखराबाईंसोबत पहाटेच निघून आलेले. दवाखान्याचे मालक-डॉक्टर पाहुण्यांना घेऊन येणार होते, दहा वाजता फोटो होणार होता. विभागाचे डॉक्टर व्यंकट मात्र फोटोपेक्षा आतल्या खोलीकडं जास्त लक्ष ठेवून होते.

आतल्या खोलीत, शिशाच्या आडोशामागं, मंजुश्री आणि सिद्धलिंग उभे होते. सिद्धलिंग देगलूरचा, पंधरा वर्षं हैदराबादला ह्याच कामात घालवून गावाजवळ नोकरी मिळाली म्हणून परत आलेला, हाताचा सफाईदार माणूस. त्यानं जनरेटरमधून, म्हणजे ज्यात टेक्निशियम आपोआप तयार होत राहतं त्या शिशाच्या डब्यातून, पाणी काढलं, कुपीत घातलं, उकळलं. मग कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून तपासणी लावली. किती टेक्निशियम औषधाला चिकटलं आणि किती मोकळं राहिलं, ते ह्या तपासणीत कळतं. शंभरात पंच्याण्णव तरी चिकटलेलं हवं.

आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

मंजुश्रीनं पट्टी पुन्हा मोजायला लावली. तेच आलं. तिनं दुसऱ्या खोक्यातली कुपी फोडली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. सत्त्याऐंशी.

तीन वर्षांत असं झालं नव्हतं. आणि झालं ते आज, इथं, जिथं बाहेरच्या बाकावर तिचा भाऊ बसला होता.

"हे औषध देता येणार नाही," तिनं डॉक्टर व्यंकटना सांगितलं.

बातमी बाहेर गेली आणि दहा मिनिटांत आवाज चढले. मालक-डॉक्टर तोरणाखालून थेट आत आले. त्यांचं म्हणणं होतं, अठ्ठ्याऐंशी म्हणजे काही नापास नव्हे. थोडं पुसट दिसेल, पण दिसेल तर. पाहुणे वाटेत आहेत. मंजुश्रीनं त्यांना समजावलं की मोकळं राहिलेलं टेक्निशियम गळ्यात, पोटात जाऊन चमकतं आणि त्या धुक्यात लहान ठिपका हरवतो. माणसाला हाडं स्वच्छ आहेत असं सांगून घरी पाठवायचं आणि ती स्वच्छ नसायची. मालकांनी मग विचारलं, खोट तुमच्या कुपीत तर नाही? ती म्हणाली, असूही शकते, मला शोधावं लागेल. आणि शोधेपर्यंत कुणालाही सुई लागणार नाही.

तेवढ्यात अमरनाथ दारात येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि थोडं समाधानही. आपण म्हटलंच होतं, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. आत्याचं स्वतःचं औषध, स्वतः आत्या हजर, तरी नापास. गाडी बाहेर उभी आहे, आत्ता निघालो तर संध्याकाळपर्यंत हैदराबाद. काल ज्यांनी नांदेडचा हट्ट धरला त्या सुकन्यावहिनीसुद्धा आता नवऱ्याची पिशवी आवरू लागल्या. त्यांनी मंजुश्रीकडं पाहिलं ते रागानं नव्हे. पण ज्या दोरीला धरून इथवर आलो तीच तुटली, असं काहीसं त्या नजरेत होतं.

मंजुश्रीनं दोन्ही दारं लावून घेतली आणि ती जनरेटरसमोर स्टुलावर बसली. दोन वेगळ्या खोक्यांतल्या कुप्या एकदमच बिघडणार नाहीत. मग बिघाड पाण्यात. तिनं सिद्धलिंगला विचारलं, ह्यातून शेवटचं कधी काढलं होतं? त्यानं कागद पाहिले. जनरेटर शनिवारी संध्याकाळी आला, रविवारी सुट्टी. कारखान्यात काढलं ते गुरुवारी.

"चार दिवस," मंजुश्री म्हणाली, आणि तिच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरलं.

सिद्धलिंगनं कपाळावर हात मारला. त्यालाही कळलं होतं. पहिलं पाणी टाकून द्यायचं, चार-साडेचार तास थांबायचं आणि ताजं काढायचं. इलाज एवढाच. पण बाहेरच्यांना ते पटवून द्यायचं होतं.

ती बाहेर आली तेव्हा अण्णा अजून बाकावरच होते. अमरनाथ त्यांच्या दंडाला धरून उभा होता. मालक-डॉक्टर पाहुण्यांना फोनवर काही तरी सांगत होते. मंजुश्री भावाच्या शेजारी बसली.

"अण्णा, दुपारी दीडपर्यंत थांबावं लागेल. मग होईल."

"झालं काय नेमकं?" त्यांनी विचारलं. "मला कळंल असं सांग."

तीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. ती जरा थांबली आणि मग म्हणाली, "हे टेक्निशियम जसं निघतं तसं कशालाच चिकटत नाही. त्याला चिकटण्याजोगं करायला मी कुपीत कथील घातलंय. मोजून. मिठाच्या कणाहून कमी."

"कथील? आपलं कल्हईचं?"

"तेच. आता चार दिवस जनरेटर तसाच राहिला, त्यामुळं आत विझलेलं टेक्निशियमही साठलं. त्याला उजेड नाही, पण कथील तेही खातं. मग चांगल्याच्या वाट्याला कमी पडतं."

अण्णांनी मान हलवली. लहानपणी ते वडिलांच्या शेजारी भट्टीवर बसून पितळेची पातेली कल्हई करायला शिकले होते. नवसागराचा धूर त्यांच्या अजून ध्यानात होता. "म्हणजे एका पातेल्याचं कथील दोन पातेल्यांना पुरवायचं. निम्मं काळंच राहतंय मग. त्यात ताक ठेवलं की कळकतंय."

"अगदी तसंच."

शेजारचे बजरंग कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "म्हशीचं तसंच की ताई. तुंबलेलं दूध पहिलं काढून टाकायचं, मागून येतंय ते चांगलं." साखराबाईंनी नवऱ्याला गप्प बसायची खूण केली, पण मंजुश्री हसली आणि म्हणाली की मुंबईला आम्ही ह्या कामाला दूध काढणंच म्हणतो.

अण्णांनी दंडावरचा मुलाचा हात अलगद बाजूला केला. "अमर, गाडी सावलीला लाव. दीडपर्यंत थांबायचं हाय." अमरनाथ काही तरी बोलायला गेला. अण्णांनी आवाज चढवला नाही. "ती दुकानातलं कच्चं भांडं गिऱ्हाइकाला देईना. ह्याच्याहून काय पाहिजे तुला?"

वहिनींनी आवरलेली पिशवी पुन्हा सोडली आणि त्यातला डबा काढून साखराबाईंच्या पुढं धरला.

फोटो झाला नाही. पाहुणे आलेच नाहीत. बारा वाजता सिद्धलिंगनं तिन्ही पेशंटना पुढची माहिती दिली. सुई टोचल्यावर तीन तास थांबायचं, पाणी भरपूर प्यायचं. अंगात किरण असतील ते उद्या सकाळपर्यंत जवळजवळ विझतील. तोवर गरोदर बाई आणि तान्ह्या लेकरापासून चार हात लांब बसायचं.

अमरनाथच्या बायकोला सहावा महिना चालला होता. अण्णांनी वहिनींना तिला फोन करून आज माहेरी थांबायला सांगा म्हणून सांगितलं.

"मंजू," ते समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "आज माझ्या अंगात जाणार हाय, तेवढं तुझ्या अंगात असायचं का कधी?"

"नाही, अण्णा. माझं सगळं शिशाच्या आड. कामावर असताना छातीवर बिल्ला असतो, तो किती किरण लागले ते मोजतो. वर्षभरात माझ्या बिल्ल्यावर जेवढं येतं त्याच्या कितीतरी पट तुला आज एका सुईत मिळेल. तरी तुला त्याचं काही होणार नाही."

"आणि अंगाला चिकटून घरी यायचं ते?"

"तसं काही येत नाही. बाहेर पडताना हात, पाय, कपडे सगळं मोजूनच सोडतात."

"मग तवा अमरला तुझ्या हातून..."

त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. मंजुश्रीनंही ते सोपं करून दिलं नाही.

"ते चुकीचं होतं," ती म्हणाली.

"मला भ्या वाटलं होतं. दोन पोरींवरचं लेकरू."

"ठाऊक आहे मला."

"तू काही बोलली न्हाईस."

"तू काही विचारलं नाहीस."

अण्णांनी मान खाली घातली. अमरनाथ खिडकीजवळ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बारशाची गोष्ट त्याला अर्धीमुर्धी ठाऊक होती, पण ती त्याच्याच नावावर घडली आहे हे असं कधी त्याच्यापुढं आलं नव्हतं. थोड्या वेळानं तो बाहेर गेला आणि चार चहा घेऊन आला. पहिला कप त्यानं आत्याला दिला. गाडीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

सव्वा वाजता सिद्धलिंगनं ताजं पाणी काढलं. मंजुश्रीनं ह्या वेळी कुपी स्वतः हातात घेतली. उकळत्या पाण्यातली पंधरा मिनिटं तिला मुंबईतल्या अकरा वर्षांपेक्षा लांब वाटली. पट्टी मोजायला लावून ती मुद्दाम दुसरीकडं बघत राहिली.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," सिद्धलिंग म्हणाला.

तिनं चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून ओढणीनं पुसला, परत घातला. "पुन्हा मोज," ती म्हणाली. पुन्हा तेच आलं.

सुई डॉक्टर व्यंकटनी दिली. स्कॅनच्या वेळी एक अडचण आली. अण्णांच्या गळ्यात इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत. छातीवर धातू असला तर त्याखालचं काही दिसत नाही, आणि लिंग तर जन्मापासून अंगावेगळं केलेलं नाही. सिद्धलिंग लिंगायताच्याच घरचा, तोही घुटमळला. मंजुश्रीनं वहिनींकडून धुवट पांढरा रुमाल मागून घेतला, भावाला पाठ फिरवून उभं राहू दिलं आणि सांगितलं, डबी वहिनींकडं दे, लिंग रुमालात बांधून मनगटाला बांध. अण्णांनी तसं केलं. गाठ मात्र एका हातानं बसेना, ती मंजुश्रीनं मारली.

पावणेसहाला डॉक्टर व्यंकटनी घरच्यांना आत बोलावलं. पडद्यावर अण्णांचा अख्खा देह करड्या रंगात उभा होता. मूत्रपिंडं, मूत्राशय, लाळेच्या ग्रंथी उजळलेल्या. डॉक्टर म्हणाले, ते सगळ्यांचंच असतं. मग त्यांनी ओटीपोटात डाव्या बाजूला बोट ठेवलं. तिथं एक ठिपका होता. तुरीच्या दाण्याएवढी एक लसीका-गाठ, म्हणजे लिंफ नोड, सीटीत जी नजरेतून सुटली होती. बाकी कुठंच काही नव्हतं. पाठीचा कणा, बरगड्या, खुबा, सगळं स्वच्छ. एकच जागा आहे, तिथं नेमका किरणोपचार देता येईल, आणि रोग समूळ जाईल अशी आशा धरायला हरकत नाही, असं ते म्हणाले.

वहिनी तिथंच खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. अमरनाथ पडद्याच्या अगदी जवळ गेला. त्या ठिपक्यावर बोट न टेकवता त्यानं आत्याला विचारलं, "हे चमकतंय ते तुमचं?"

"हो," मंजुश्री म्हणाली. "ते माझं."

तिला वाटलं होतं ह्या क्षणी आपल्याला भरून येईल. तसं झालं नाही. आतून ती फक्त ताठ झाली. शंभर परिषदांत तिनं असे ठिपके पडद्यावर दाखवले होते. कुठल्याच ठिपक्याखाली आपल्या माणसाचं नाव नव्हतं.

बजरंगांचं स्कॅन शेवटी झालं. त्यांच्या कण्यात तीन ठिकाणी आणि खुब्यात एका ठिकाणी उजेड होता. डॉक्टर व्यंकटनी नवराबायकोला समोर बसवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हाडांतल्या रोगालाही औषध आहे, ते लगेच सुरू करू, माणूस पुढं वर्षानुवर्षं चालतो-फिरतो, हेही सांगितलं. ती दोघं बाहेर येऊन बाकावर बसली. अमरनाथनं गाडी दारात आणली होती. वहिनी पायऱ्या उतरल्या. अण्णा मात्र वळले आणि बजरंगांच्या शेजारी जाऊन बसले.

मंजुश्री आतल्या खोलीत उरलेल्या कुप्या शिशाच्या डब्यात भरत होती. दार अर्धं उघडं होतं.

साखराबाई विचारत होत्या, ह्या फोटोचं खरं धरावं का हो. सकाळी तर औषधच बिघडलं होतं म्हणत होते. दुसरीकडं दाखवावं का, का घरी जाऊन गप बसावं.

"घरी बसू नका बाई," अण्णा म्हणाले. "सकाळी औषधात कसर निघाली तर तिनं सख्ख्या भावाला टोचू दिलं न्हाई. पाच घंटे बसवून ठिवलं. मालक बोलला, माझा पोरगा बोलला, सगळे तिच्यावर तुटून पडले, तरी हलली न्हाई. तिचं औषध इथं रोग हाय म्हणतंय तर हाय. आन् जागा कळली म्हणजे इलाजाला रस्ता घावला. उद्यापासून इलाजाला लागा. येण्याजाण्याची तकलीफ झाली तर अहमदपूरला माझं घर हाय."

"कोण हायत त्या?" साखराबाईंनी विचारलं.

"आमच्या नागप्पांची लेक. मंजुश्री." अण्णा थांबले, आणि मग दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शास्तरज्ञ हाय. माझी बहीण."

शास्त्रज्ञ हा शब्द त्यांच्या तोंडून मंजुश्री पहिल्यांदाच ऐकत होती. उच्चार चुकला होता. आयुष्यभर दशांशाची चूकसुद्धा सोडली नव्हती तिनं. पण तो शब्द तिनं मनातल्या मनातही दुरुस्त केला नाही.